गोदीला पिसूचं ठाऊक नाही : मुलांसाठी ऐतिहासिक गोष्ट कशी लिहावी

मुलांसाठी ऐतिहासिक गोष्ट लिहायची म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांची लेखणी थेट गड चढू लागते. दहा-बारा वर्षांचा धाडसी मुलगा, कमरेला खोचलेला गुप्त खलिता, अंधारी रात्र, आणि शेवटी महाराजांचा पाठीवर हात. अशा दोन गोष्टी मीही लिहिल्यात. त्यातली एक दहा वर्षांच्या भाचीला वाचून दाखवली, तर ती म्हणाली, "मावशी, हा मुलगा आमच्या वर्गातलाच आहे. फक्त मुंडासं घातलंय." ती गोष्ट मग मी कुठे पाठवली नाही.

त्या गोष्टीत सन बरोबर होता. गडाच्या वाटा नकाशावर बघून लिहिल्या होत्या, हत्यारांची नावं तपासली होती. घोटाळा होता तो मुलाच्या डोक्यात. कोण थोर, कोण नीच, लढाईचा निकाल काय, आणि साडेतीनशे वर्षांनी लोक त्या दिवसाला काय म्हणतील, हे सगळं त्याला आधीपासून ठाऊक होतं. तेव्हापासून माझं एक मत झालंय. तारीख चुकली तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते. पण पात्राला ठाऊक असणं शक्यच नव्हतं ते ठाऊक असलं, तर गोष्टीतला भूतकाळ मुळातूनच नासतो, आणि मग कितीही मुंडाशी बांधा.

नुसती तत्त्वं ऐकून कुणाला लिहिता येत नाही. म्हणून एकच गोष्ट हाताशी घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ. मुलगी गोदी, वय अकरा. घर पुण्यात, कसबा पेठेतल्या तांबट आळीत. साल १८९७, प्लेगचं. वाचक दहा ते चौदा वर्षांचा.

१. 'काळ' नको, चार-पाच महिने घ्या

'शिवकाल' किंवा 'पेशवाई' ही गोष्टीची वेळ होऊ शकत नाही. पेशवाई १७१३ ते १८१८, म्हणजे एकशे पाच वर्षांची. बाळाजी विश्वनाथांच्या वेळचं पुणं आणि दुसऱ्या बाजीरावाचं पुणं यांत जमीन-अस्मानाचा फरक. काळ जितका ऐसपैस, तितका तपशील पातळ होतो, आणि पातळ तपशिलात आपण नकळत सिनेमातले वाडे आणि मालिकांतले दागिने कालवतो.

गोदीसाठी मी १८९७ चे फेब्रुवारी ते जून घेतले. या महिन्यांचा सांगाडा पक्का आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी आढळले; ते ओळखले मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. तिथून रोग पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा झाला (हाच कायदा २०२० मध्ये करोनाच्या वेळी पुन्हा बाहेर काढला गेला, तुमच्या वाचकांच्या घरच्यांना ते दिवस आठवत असतील, पण गोष्टीत त्याचा उल्लेख नको). त्याच महिन्यात वॉल्टर रँड पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख म्हणून आला. १३ मार्चपासून गोऱ्या शिपायांनी घरं तपासायला सुरुवात केली. उन्हाळ्याच्या शेवटी साथ ओसरली. २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाहून परतताना, गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला.

आता एक मोठा कागद भिंतीवर चिकटवा आणि त्यावर तीन रकाने आखा. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात शहरात काय झालं, तिसऱ्यात गोदीच्या घरी काय झालं. दुसरा रकाना पुस्तकांतून भरतो. तिसरा कोराच असतो, आणि तो भरायचं काम आपलं. दुसऱ्यातल्या नोंदी खेचून तिसऱ्यात भरायचा मोह मात्र आवरा.

हा कागद कसा वाचवतो त्याचं एक उदाहरण. माझ्या पहिल्या कच्च्या आराखड्यात एक प्रसंग होता: शिपाई घरात शिरतात, आणि सावित्रीबाई फुले त्यांना अडवतात. वाचायला जोरदार. पण सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्चला गेल्या. झडत्या सुरू झाल्या १३ मार्चला. तीन दिवसांनी माझा प्रसंग मेला, आणि बरं झालं मेला. शिवाय त्यांचं काम चाललं होतं हडपसरच्या बाजूला, मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात. कसब्यातल्या गोदीच्या कानावर फार तर एवढंच आलं असतं की तिकडे मळ्यात एक बाई रोग्यांना उचलून नेते. तेवढंच लिहिलं. नाव दिलं नाही. ज्या वाचकाला कळतं त्याच्या अंगावर काटा येतो, आणि ज्याला कळत नाही तो घरी विचारतो.

२. पंचांग काढा

ही पायरी लहान आहे, पण ती गाळली तर पुढे लिहिताना वारंवार ठेच लागते. गोदीला १३ मार्च माहीत नाही. तिला फाल्गुन माहीत आहे. जुनी पंचांगं ग्रंथालयांत मिळतात, आणि तारखेवरून तिथी सांगणारी साधनं आता फोनवरही आहेत. १३ मार्च १८९७ म्हणजे फाल्गुनाचा शुद्ध पक्ष, होळी अवघी चार-पाच दिवसांवर. शके १८१८ संपत आलेलं, कारण पाडवा अजून यायचाय. (पाडव्यानंतर इसवी सनातून ७८ वजा करा, आधी असाल तर ७९.) म्हणजे आळीतली पोरं होळीसाठी गोवऱ्या-लाकडं गोळा करत असताना शिपाई आले. हे मला कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकाने सांगितलं नसतं. त्यातून अख्खं प्रकरण निघालं: पोरांनी जमवलेली लाकडं, आणि रस्त्यात पेटलेली दुसरीच होळी.

तसंच २२ जूनचं. ज्येष्ठ वद्य पक्षाचा मध्य, वटपौर्णिमा होऊन आठवडा झालेला. चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवणार. 'पौर्णिमेच्या चांदण्यात' असं काही लिहिलंत तर गेलात.

सतराव्या शतकातली गोष्ट असेल तर आणखी एक खोडी लक्षात ठेवा. त्या वेळी इंग्रज जुनी कालगणना वापरत आणि गोव्याचे पोर्तुगीज नवी. एकाच दिवशी लिहिलेल्या सुरतेच्या आणि गोव्याच्या पत्रांत दहा दिवसांचं अंतर दिसतं. दोन घटना मागेपुढे वाटल्या तर आधी हे तपासा.

३. मुलाला काठावर उभं करा

नायक मूल इतिहासाच्या मधोमध उभं केलं की ते खोटं पडतं. खलबतखान्यात दहा वर्षांच्या मुलाला कोण घेईल? काठावरच्या मुलाला मात्र बरंच दिसतं, आणि त्याहून जास्त ऐकू येतं.

तांबट आळी मी निवडली ती आवाजासाठी. तांब्याचा पत्रा ठोकून हंडे, कळश्या, घंगाळं घडवणारी आळी. दिवसभर मठारायचे ठोके. तिथे वाढलेल्या मुलीला तो आवाज कधी ऐकूच येत नाही, जसं आपल्याला घरातल्या पंख्याची घरघर ऐकू येत नाही. आणि एका सकाळी तो थांबतो. प्लेग म्हणजे काय हे सांगायला मला डॉक्टर लागला नाही, आकडे लागले नाहीत. ठोका थांबला, एवढं पुरलं.

आता अवघड भाग. अकरा वर्षांची गोदी १८९७ मध्ये काय करत असेल? शाळेत जाते असं लिहायला हात शिवशिवतात. पुण्यात मुलींची शाळा १८४८ पासून होती, हुजूरपागा १८८४ ला निघाली. पण शहरात शाळा असणं वेगळं आणि ही मुलगी तिथे असणं वेगळं. तिचं बहुधा लग्न झालेलं असणार. संमतिवयाचा कायदा होऊन जेमतेम सहा वर्षं झालेली, आणि त्याने मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहाचं बारा केलं यावरूनच पुण्यात केवढं रण माजलं होतं. गोदीचं लग्न मी लावून टाकलं. सासर नाशिकचं, तिथेही तांबटांची मोठी वस्ती. प्लेगच्या बातम्या ऐकून सासरचा निरोप येतो: मुलीला आताच पाठवा.

इथे लेखकाला मुलीच्या तोंडी बंड घालावंसं वाटतं. 'मला शिकायचंय, मी सासरी जाणार नाही!' वाचक टाळ्या वाजवतील, पण ते वाक्य आजच्या मुलीचं. गोदीला सासरी जावं लागणार यात वावगं काही वाटत नाही, कारण सगळ्याच जातात. तिला भीती वेगळीच आहे. दादाने, म्हणजे वडिलांनी, तिच्या हाताला बसेल अशी छोटी हातोडी करून दिलीय आणि सासरी सून हातोडी धरणार नाही. वाचणाऱ्या मुलीला यातलं काय बोचायचं ते बोचतं, आणि गोदीच्या तोंडी भाषण घालावं लागत नाही. त्या काळात वेगळा विचार करणारी माणसं नव्हती असं नाही. पुण्यात तर होतीच. तशी व्यक्ती हवी असेल तर घ्या, पण तिला त्या विचाराची किंमत मोजायला लावा. फुकटातला पुरोगामीपणा मुलांनाही कळतो.

४. ठाऊक नसलेल्या गोष्टींची यादी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पात्राला काय माहीत आहे याची टिपणं सगळेच करतात. काय माहीत *नाही* याची यादी करून बघा. गोदीची माझी यादी अशी भरत गेली.

प्लेग पिसूमुळे पसरतो, हे तिला माहीत नाही. तिलाच काय, तेव्हा जगात कुणालाच खात्रीने माहीत नव्हतं. रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण उंदराच्या अंगावरची पिसू तो माणसापर्यंत आणते हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, आणि ते सर्वांनी मान्य करायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे १८९७ च्या मार्चात सरकार घरं धुऊन काढतंय, जमिनी उकरतंय, गोधड्या जाळतंय, माणसं छावणीत हलवतंय, आणि खरा गुन्हेगार कुणालाच ठाऊक नाही. ना रँडला, ना वैद्याला, ना आजीला. उंदीर पडतात हे लोकांच्या नजरेला येत होतं, तेव्हा गोदी मेलेला उंदीर बघू शकते. त्याचा अर्थ मात्र ती लावू शकत नाही. वाचक लावतो. ती शेपटीला धरून उंदीर उकिरड्यावर टाकायला निघते, आणि आजचा बारा वर्षांचा वाचक पुस्तकात बघून ओरडतो, 'अगं, टाक तो!' ऐतिहासिक गोष्टीत धास्ती निर्माण करायची याहून स्वस्त आणि खरी युक्ती मला अजून सापडलेली नाही.

लस? जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती. तेव्हा टोचणीबद्दल कुजबूज गोदीच्या कानावर येऊ शकते, पण ती भीतीच्या रूपात येईल.

रँडवर गोळ्या कुणी झाडल्या, हे २३ जूनला तिला माहीत नाही. शहरालाही नाही. सरकारने माहिती देणाऱ्याला वीस हजार रुपयांचं बक्षीस लावलं आणि तरी चापेकरांचं नाव बाहेर यायला काही महिने लागले. त्यामुळे जूनमध्ये संपणाऱ्या गोष्टीत 'चापेकर बंधू' हे शब्दच येऊ शकत नाहीत. एका मित्राने हे ऐकून कपाळाला हात लावला. "म्हणजे चापेकरांशिवाय रँड?" होय. गोदीपर्यंत काय पोचलं? सकाळी पाणी भरायला गेलेल्या बायका नेहमीपेक्षा हळू बोलत होत्या, आणि दुपारपर्यंत आळीत पोलीस आले.

साथ परत येईल, हेही तिला ठाऊक नाही. ती त्याच वर्षी पुन्हा आली. मेअखेरीस आळीत पहिला ठोका पडतो तेव्हा गोदीला वाटतं, संपलं. तिला तसंच वाटू द्या.

स्वातंत्र्य, देश, 'एक दिवस आपण' वगैरे शब्द तिच्या यादीत मी खोडून टाकले. 'केसरी' निघून सोळा वर्षं झाली होती, सार्वजनिक गणपती चार वर्षांपूर्वी सुरू झाला होता, हवेत बरंच काही होतं. पण गोदीला वाचता येत नाही. तिच्यापर्यंत जे येतं ते कुणीतरी ओट्यावर मोठ्याने वाचलेलं, अर्धवट, मध्येच तुटलेलं.

५. भांडी, नाणी, शब्द

या पायरीसाठी दोन जाडजूड ग्रंथ पुरे. पहिला १८८५ चा पुणे जिल्ह्याचा गॅझेटियर. तीन भागांत आहे. कोणती जात कुठे राहते, काय खाते, घरात भांडी किती, धंदा कसा चालतो, सगळं आहे. तांबटांच्या कामाचीही माहिती आहे. मात्र तो साहेबाच्या डोळ्यांनी लिहिलेला आहे. 'ही जात कामसू', 'ती भांडखोर' अशी विशेषणं जागोजाग पेरलेली असतात. माहिती घ्या, विशेषणं तिथेच ठेवा. त्या काळातल्या बायकांची आत्मकथनंही जरूर वाचा, पण बहुतेक ब्राह्मण घरांतली आहेत हे विसरू नका. सदाशिव पेठेतलं सोवळं-ओवळं उचलून तांबटाच्या चुलीपाशी मांडलंत तर पोरांना नाही कळलं तरी तांबट आळीतल्या एखाद्या आजीला नक्की कळेल.

दुसरा ग्रंथ मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती. संगणकावर फुकट बघता येतो. एखादा शब्द गोदीच्या तोंडी शोभेल का, अशी शंका आली की मी त्यात पाहते. सापडला तर निर्धास्त. नाही सापडला तर लगेच बाद करत नाही, पण खडूने खूण करते. 'विलगीकरण', 'रुग्ण', 'प्रशासन', 'नागरिक' असे शब्द निवेदनातूनसुद्धा गळून जातात आणि लेखन सुधारतं.

पैसे: रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. एकदा हे हिशेब पात्राला करायला लावा; मुलांना ते कोड्यासारखं आवडतं. हस्ताक्षर: छापील मजकूर बाळबोध, म्हणजे आजच्या देवनागरीत, पण हिशेब आणि पत्रं मोडीत. नाशिकहून आलेलं पत्र वाचायला मोडी जाणणारा माणूस शोधावा लागेल, आणि तो माणूस पत्रातलं काय सांगेल आणि काय गिळेल, हे आणखी एक प्रकरण.

खाण्याच्या बाबतीत १८९७ सोपं आहे. जुन्या काळात जाल तशी पंचाईत वाढते. तेराव्या शतकातल्या आळंदीच्या मुलाच्या हातात पेरू, त्याच्या भाकरीवर मिरचीचा ठेचा आणि वर शेंगदाण्याची चटणी मी छापील पुस्तकात वाचलीय. मिरची, शेंगदाणा, बटाटा, मका, पेरू, काजू हे सगळं अमेरिकेतलं. पोर्तुगीज इथे आल्यावर, म्हणजे १४९८ नंतर, हळूहळू आलं. तिखट हवं तर मिरी आहे. लसूण आहे, आलं आहे. भाकरी कोरडी जाणार नाही.

तरीही एक सांगते: हे सगळं शोधलं म्हणून सगळं लिहायचं नाही. घंगाळ हा शब्द आला की लगेच 'घंगाळ म्हणजे अंघोळीच्या पाण्याचं रुंद तोंडाचं भांडं' असं सांगू नका. गोदीला त्यात पाणी ओतू द्या.

६. लिहायला बसल्यावर

एकच प्रसंग दोन तऱ्हांनी. ही माझी पहिली तऱ्हा, जशीच्या तशी:

*गोदी खिडकीतून पाहत होती. क्रूर रँडचे जुलमी सैनिक निष्पाप नागरिकांवर अत्याचार करत होते. तिचं रक्त सळसळलं. "दादा, हा अन्याय आपण किती दिवस सहन करायचा?" ती म्हणाली. "हा रोग उंदरांमुळे पसरतो. आपण स्वच्छता राखली तर त्यांना इथे यावंच लागणार नाही!"*

आणि ही चौथी:

*भाता ओढायला दादाने हाक मारली नाही म्हणून गोदी उशिरा उठली. काहीतरी हरवलं होतं. काय, ते तिला आधी कळेना. मग कळलं. आळीत ठोका नव्हता. एकसुद्धा.*

*समोरच्या दारात गोधडी जळत होती. कापसाचा धूर जड, तो वर जात नाही. रस्त्यावरून सरपटत उंबऱ्यापर्यंत आला. आजीने पदर नाकाला लावला.*

*"मी शिवून दिली होती ती," आजी म्हणाली. "तिच्या बाळंतपणाला."*

*"त्या कुठे गेल्या सगळ्या?"*

*"गोदे, आत हो."*

पहिल्यात तीन विशेषणं आणि एक आरोग्यखात्याची जाहिरात आहे. दुसऱ्यात रँड नाही, प्लेग नाही, इंग्रज नाही. वाचकाला सगळं दिसतं ते आजीच्या एका ओळीत. आणि आजी उत्तर देत नाही, कारण मोठी माणसं लहानांना उत्तरं देत बसत नसत. आजच्या मुलांच्या पुस्तकांत आजी-आजोबा फार समजावून सांगतात. जुन्या काळातली आजी 'आत हो' म्हणून मोकळी.

संवादाची भाषा मुद्दाम जुनाट करू नका. 'हे प्राणप्रिय पुत्री' असं तांबटाच्या घरात कुणी कधी बोललं नाही. साधी बोलली जाणारी मराठी ठेवा, नवे शब्द काढून टाका, बस.

७. शिपाई दारात आल्यावर

शिपायांनी स्वयंपाकघरात, देवघरात शिरणं, बायकांची तपासणी, सामान जाळणं, माणसं उचलून नेणं, यांविषयीच्या तक्रारी तेव्हाच्या वर्तमानपत्रांत भरलेल्या आहेत. सरकारी अहवाल उलट सांगतात, की तपासणी शिस्तीत झाली. दोन्ही वाचा. आणि मग गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट आठवा. ते त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं, की शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले. परत आल्यावर पुरावा उभा करता आला नाही, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली.

यातून काय घ्यायचं? काही झालंच नाही, असं म्हणायला मी तयार नाही. १८९७ मध्ये एखाद्या बाईने पुढे येऊन अशी साक्ष दिली असती तर तिचं पुढे काय झालं असतं, हे उघड आहे. पण गोष्टीत मी तो प्रसंग 'घडलेला' दाखवला नाही. तो कुजबुजीत ठेवला. गोदीला अर्धं ऐकू येतं, बायका तिला बघून गप्प होतात. पुरावा जिथे थांबतो तिथे कुजबूज सुरू होते, आणि मुलीच्या जागेवरून बघितलं तर ते खरंही आहे. दहा वर्षांच्या वाचकालाही ते पेलतं.

हिंसा मुलांपासून लपवू नका, पण तिच्या समोर उभं करून टक लावायलाही लावू नका. मी वापरते ते तीन मार्ग: आवाज, नंतरची जागा, आणि एखादी वस्तू. शिपाई गेल्यावर देव्हाऱ्यातला देवीचा टाक जमिनीवर पालथा पडलेला. तो उचलावा की नाही, हे आजीला ठरवता येत नाही, कारण त्याला कुणी हात लावला ठाऊक नाही. बाकी लिहायची गरज पडली नाही.

दुष्ट माणसं सपाट करू नका. रँड लोकांशी कठोर वागला, आणि त्याच वेळी तो अशा साथीशी झगडत होता जिचं कारण त्याला कळत नव्हतं. गोदीच्या दारात आलेला शिपाई एकोणीस-वीस वर्षांचा असू शकतो; त्याला मराठी येत नाही आणि त्यालाही रोगाची भीती वाटते. हे दाखवल्याने जुलूम कमी होत नाही. उलट चापेकरांवर लिहायचं असेल तर दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त वाचा. त्यात रँडवरचा राग आहे, तसाच सुधारकांवरचाही आहे. पाठ्यपुस्तकातल्या चित्रापेक्षा तो माणूस बराच गुंतागुंतीचा आहे. पुस्तक संपेपर्यंत तो वाचकाला आवडलाच पाहिजे अशी जबाबदारी तुमच्यावर नाही.

८. शेवटचं पान

गोष्टीच्या शेवटी एक पान 'खरं काय, रचलेलं काय' असं हवंच. माझ्या मते ते नसेल तर मुलांसाठीची ऐतिहासिक गोष्ट छापूच नये. पण परिशिष्टासारखं नको. गोदीच्या पानाची सुरुवात मी अशी केली:

*गोदी, आजी आणि दादा मी रचले. तांबट आळी खरी आहे. पुण्यात गेलात तर ठोके अजून ऐकू येतील. १३ मार्च खरा. जळती गोधडी माझी, पण सामान जाळलं जात होतं हे खरं. देवीचा टाक कुणी पाडला ते मलाही माहीत नाही.*

दंतकथा वापरलीत तर तिलाही इथे जागा द्या. गड घेताना तानाजी पडले आणि 'सिंह गेला' म्हणून कोंढाण्याचं नाव सिंहगड पडलं, हे आपण सगळे ऐकत आलो. तानाजी पडले १६७० मध्ये. 'सिंहगड' हे नाव त्याआधीच्या, १६६३ च्या पत्रात सापडतं. म्हणून गोष्टीतून ते वाक्य काढायचं का? मी काढणार नाही. एखाद्या पात्राच्या तोंडी ठेवीन, आणि शेवटच्या पानावर पत्राचा सन सांगेन. मुलांना यात फसवल्यासारखं वाटत नाही, त्यांना गुप्तहेरासारखं वाटतं. रायगडच्या हिरकणीचंही तसंच. तिचा बुरूज बघता येतो, गोष्ट ऐकता येते. फक्त दोन्हींना एकच कागदी पुरावा समजू नये.

९. मुलांना देऊन बघा

हस्तलिखित आधी इतिहास जाणणाऱ्याला दाखवा, मग तीन-चार मुलांना. आधी मुलांना दाखवलंत आणि त्यांना आवडलं, तर चूक दुरुस्त करायला मन होत नाही. हा माझा अनुभव.

मुलांना 'कशी वाटली?' विचारू नका. ती सभ्यपणे 'छान' म्हणतात. पेन्सिल द्या आणि सांगा: जिथे कंटाळा आला तिथे फुली, जिथे खोटं वाटलं तिथे गोल, जिथे एखादा शब्द कळला नाही पण चाललं तिथे टिंब. टिंबं भरपूर असली तरी काळजी नको. फुल्या बहुधा मी हौसेने घातलेल्या माहितीवर पडतात. ती ओळ जाते. गोल मात्र बारकाईने बघायचे. गोदीच्या हस्तलिखितात एकूण पाच गोल पडले. त्यातले तीन एकाच जागी होते: निरोप घेताना दादा गोदीला जवळ घेऊन म्हणतो, 'मला तुझा अभिमान आहे.'

तिन्ही मुलांनी वेगवेगळ्या घरी बसून तिथेच गोल काढला होता. आता त्या जागी दादा तिची छोटी हातोडी फडक्यात गुंडाळतो, बोचक्यात अगदी तळाशी ठेवतो, आणि वर लुगडी रचतो.